मी घेत नाही

"मी घेत नाही," तो म्हणाला.

आवाज ठीक लागला होता. दुपारी घरी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलेला, तोच. ना उद्धट, ना ओशाळवाणा. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या त्याच्या बायकोने टेबलाखाली हातरुमालाची गाठ सैल केली. चला, एकदाचं म्हणून झालं.

पाहुण्यांच्याच देशातल्या दुभाषीबाईंनी मान हलवली आणि ते वाक्य थोरल्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. थोरले पाहुणे जपानहून आलेले, पिढ्यान्‌पिढ्या साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या घरातले, सत्तरी ओलांडलेले. आधी ते गंभीर झाले. मग परक्या गावात अचानक आपल्या नात्यातलं कुणी भेटावं तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी बाटली उचलली, अर्धवट उठले आणि त्याच्या पुढ्यातला पांढरा प्याला काठोकाठ भरला.

"ते म्हणतात, आपण अत्यंत सुसंस्कृत आहात," दुभाषीबाई म्हणाल्या. त्या बाईंची भाषा पुस्तकातून आलेली होती, इस्त्री केलेली. "स्वतः घ्यायचे नसतेच. शेजाऱ्याने ओतायचे असते. आमच्याकडील तरुणांना आता हे शिकवावे लागते. आपल्याला आधीच ठाऊक आहे, याचा त्यांना आनंद झाला."

"वा!" कारखान्याच्या मालकांनी टाळी वाजवली. "आमचे कारागीर मुळात बोलतच नाहीत. पण बोलले की असं."

चूक कुठे झाली ते त्याच्या बायकोला तत्काळ कळलं. घेत नाही म्हणजे काय, हे आपल्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही. पुस्तकातून भाषा शिकलेल्या माणसाला मात्र घेणं म्हणजे हाताने उचलणं. बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण आता ही चूक निस्तरायची तर दुसरा शब्द काढावा लागणार. पीत नाही म्हणावं, तर मालक लगेच विचारणार, का हो? कधीच नाही? एकदाही नाही? आणि 'एकदाही नाही' हे तर तो मेला तरी म्हणू शकणार नव्हता.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो प्याल्याकडेही पाहत नव्हता. समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं, त्याकडे पाहत होता. सव्वासहा. हे पाहुणे लवकर जेवणारे होते. खिडकीच्या पडद्यावर अजून लख्ख ऊन होतं.

दुपारी ती त्याला म्हणाली होती, "नको जाऊ या. मला ताप आलाय म्हणून सांगा."

"मागच्या खेपेला तापच आला होता तुला. त्याच्या आधी पोट दुखलं होतं. मालक म्हणतील, कारागिराची बायको आहे का दवाखाना?"

"मग माझी आई गेली म्हणा."

"ती दोनदा गेलीय."

तिला हसू आलं होतं, तशातही. आई बिचारी धाकट्या भावाकडे धडधाकट होती.

"आजचं वेगळं आहे गं," तो बूट पुसता पुसता म्हणाला. "बाटली बघून पाहुण्यांनी विचारलं, हा हात कुणाचा? मालक स्वतः माझ्या टेबलापाशी आले. साचा करणाऱ्याला बाटली बघून कुणी विचारतं का कधी? भट्टीवाल्याला विचारतात, रंगवाल्याला विचारतात. बायकोलाही घरी जेवायला आणा म्हणाले. मी म्हणेन, मी घेत नाही. संपलं."

"आणि आग्रह केला तर?"

"तर पुन्हा म्हणेन."

"आणि पुन्हा केला तर?"

त्याने बूट खाली ठेवला. "तू शेजारीच असशील ना?"

तो बाटल्यांच्या कारखान्यात साचे करायचा. लोखंडाचे दोन अर्धे भाग, आतून बाटलीच्या आकाराचे. त्यांच्या कडा कानशीने घासून एकमेकांना अशा बसवायच्या, की मधे केसही जाऊ नये. आधी ते दुसऱ्या गावी होते, दुसऱ्या कारखान्यात. तिथे एका सकाळी तो आदल्या दिवशीची अंगात घेऊन कामावर गेला आणि साच्याचा एक बोल्ट अर्धाच आवळला. तापलेली काच फटीतून उडाली. जोडीदाराचा डावा डोळा गेला. त्या भल्या माणसाने कुणालाही नाव सांगितलं नाही, पाय घसरला म्हणाला. त्या दिवसापासून याने थेंबाला स्पर्श केला नव्हता. नऊ वर्षं. ते गाव सोडलं, इथे आले, इथे कुणाला काही ठाऊक नव्हतं.

लोक म्हणतात, अमक्याची सुटली. ती तो शब्द कधी तोंडातून काढत नसे. संध्याकाळी तो घरी आला, जेवला, निजला, की देवापुढे हात जोडून ती एवढंच म्हणे, "आजचा झाला." उद्याचं मागायचा तिला धीर नव्हता. घरात खोकल्याचं औषधसुद्धा ती बूच उघडून वास घेतल्याशिवाय आणत नसे. औषधवाला तिला अत्तरवाली म्हणायचा.

आणि आता हा प्याला.

असे प्याले तिने कधी पाहिले नव्हते. पांढरे शुभ्र, आणि तळाशी निळ्या रंगाची दोन वर्तुळं, एकात एक, कुणी खालून डोळे वटारून बघतंय असं वाटावं. साकेमध्ये गढूळपणा असला तर निळ्या रेघेची कड धूसर दिसते, रंग उतरला असेल तर पांढऱ्यावर कळतो, असं दुभाषीबाईंनी समजावून सांगितलं. तिने स्वतःच्या प्याल्यावर तळवा ठेवला, तेव्हा पाहुणे नुसते हसले. बायकांना आग्रह नव्हता, पुरुषांना सुटका नव्हती.

मग परीक्षा सुरू झाली. आठ महिन्यांपूर्वी मालकांनी नमुन्याच्या बाटल्या पाठवल्या होत्या, आकार एकच, काच तीन तऱ्हेची: पांढरी पारदर्शक, निळी, तपकिरी. पाहुण्यांनी त्यांत एकाच पिंपातली साके एकाच दिवशी भरली आणि कुठल्या काचेत ती टिकते ते बघायला तिन्ही बाटल्या उजेडात ठेवल्या. आज तीन प्याल्यांत ती तीन तऱ्हेची समोर होती. कुठल्या प्याल्यात कुठली, हे फक्त पाहुण्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या जावयाच्या वहीत लिहिलेलं.

थोरल्या पाहुण्यांनी घोट घेतला, ओठ मुडपून आत हवा ओढली. गरम चहा फुरकावा तसा आवाज झाला. त्यांनी घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या उंच भांड्यात थुंकून टाकला. मालकांनी अगदी तसंच केलं, फक्त थुंकायचं तेवढं विसरले.

"अहो!" मालकीणबाई म्हणाल्या.

"वाया कशाला घालवायचं?" मालक म्हणाले, आणि सगळे हसले.

मग थोरले पाहुणे त्याच्याकडे वळले.

"ते म्हणतात, बाटली आपण घडवली," दुभाषीबाई म्हणाल्या. "म्हणून निवाडाही आपण करावा. गिळण्याची आवश्यकता नाही. तोंडात फिरवून टाकून द्यावे."

टाकून द्यावे म्हणे! थुंकलेली आणि गिळलेली, जिभेला कुठला फरक कळतो? जिभेला एकदा लागली की झालं. रुमालाची गाठ तिने पुन्हा इतकी आवळली, की बोटांतलं रक्त थांबलं. तिने त्याच्या बुटावर आपला पाय ठेवला. त्याने पाय काढून घेतला नाही.

त्याने पहिला प्याला उचलला. ओठांपाशी नेला. आणि तिथेच थांबवला, नाकाखाली.

त्याचे डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या एकेक करून पुसल्या गेल्या. गालफडांखालचा ताठपणा गेला. हा चेहरा तिने नऊ वर्षांत पाहिला नव्हता. मोठ्या मुश्किलीने गावाबाहेर काढलेलं कुणी आपल्याच दारात निवांत उभं दिसावं, तसं तिला झालं. परमेश्वरा, ती मनात म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला सुचेना.

त्याने प्याला खाली ठेवला. भरलेला होता तसाच.

"हा उजेडात राहिलाय," तो म्हणाला. "केस जळल्यासारखा वास आहे. पांढऱ्या काचेतला." दुसरा उचलला. "यालाही तोच वास आहे, पण कमी. हा निळीतला." तिसऱ्यापाशी तो जरा जास्त थांबला. "याला काही झालेलं नाही. तपकिरी."

जावयाने वही उघडली, पाहिलं आणि वही सासऱ्यांपुढे धरली. थोरल्या पाहुण्यांच्या तोंडून "ओऽ" असा लांब सूर निघाला. मालक तर उठूनच उभे राहिले.

"कारागीर! हे नाक इतके दिवस कुठं लपवलं होतंत? चाखलंसुद्धा नाही की हो! कुठं शिकलात हे?"

"शिकलो नाही," तो म्हणाला. "अंदाज."

त्याने तिन्ही प्याले हातभर लांब सरकवले.

परीक्षा झाली, प्याले उचलले गेले, तिला वाटलं संपलं. पण ते सगळं नुसतं मोजमाप होतं. जेवण आता सुरू होणार होतं. भात आला, वाफवलेला मासा आला, भाज्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर निमुळत्या मानेच्या सुरईतून साके आली. या वेळी ऊन ऊन केलेली. थंड असताना जो वास प्याल्याच्या काठाशी बसून होता, तो आता उठून खोलीभर फिरायला लागला. थोरल्या पाहुण्यांनी सगळ्यांत आधी त्याचा प्याला भरला. मानाचा म्हणून.

त्याने खुर्ची किंचित मागे सरकवली. भात खाल्ला. मासा खाल्ला. पाणी प्यायला, दोनदा, तीनदा.

"कारागीर," मालक म्हणाले, "प्याला तसाच? पाहुण्यांच्या हातचं आहे. का नुसत्या वासावरच भागवणार?"

दुभाषीबाईंनी हेही इमानदारीने सांगितलं असावं, कारण थोरले पाहुणे त्या प्याल्याकडे पाहू लागले.

"हो हो," तो म्हणाला. "घेतो."

तिने तो शब्द ऐकला. घेतो. मघाशी चुकीचा समजला गेलेला शब्द आता सरळ झाला होता. त्याचा उजवा अंगठा प्याल्याच्या काठावरून सावकाश फिरत होता, गोल, गोल. तो अंगठा तिच्या ओळखीचा होता. अशा तीन फेऱ्या झाल्या की हात उचलला जायचा. चौथी फेरी तिने कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात मालकांनी नव्या भट्टीचं काहीतरी काढलं आणि सगळी डोकी तिकडे वळली. दुसऱ्या फेरीनंतर त्याने हात मांडीवर ओढून घेतला आणि नजर घड्याळाला लावली, पण तो हात परत येणार हे तिला ठाऊक होतं. तिने विचार केला नाही. विचार केला असता तर तिला जमलंच नसतं. त्याच्या पुढ्यातून तिने प्याला ओढला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून एका दमात गिळला. आग लागेल म्हणून तिने घसा आवळून धरला होता.

आग लागलीच नाही. भिजवलेल्या तांदळाचं पाणी असावं तसं काहीतरी ऊबदार घशातून उतरलं, त्यामागून पिकलेल्या फळाचा गोडवा आला, आणि छातीत कुणीतरी मऊ हात ठेवल्यासारखं वाटलं. ती घाबरली. हे चांगलं होतं. इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. जे वाईट आहे ते कडूच असणार, हे तिने गृहीत धरलं होतं. त्या भरवशावर तर ती नऊ वर्षं राखण करत होती.

तिने रिकामा प्याला त्याच्यापुढे ठेवला. पुढ्यात आलेलं संपवलं की विषय संपतो, एवढंच तिला ठाऊक.

थोरल्या पाहुण्यांची नजर वळली, प्याला रिकामा दिसला, आणि त्यांचे डोळे आनंदाने बारीक झाले. त्यांनी सुरई उचलली. प्याला पुन्हा काठोकाठ.

"अरे वा," मालक म्हणाले, "जमलं की!"

तो घड्याळाकडेच पाहत होता. प्याल्याकडे पाहायचं नाही, हा त्याचा एकमेव बचाव होता, आणि म्हणून प्याल्याचं काय होतंय हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. मालक कुणाला म्हणताहेत, तेही त्याला कळलं नसावं.

दुसरा तिने मालकीणबाई वाढायला उठल्या तेव्हा संपवला. तिसरा, जावयाच्या हातून जेवायची काडी पडली आणि तो वाकला तेव्हा. दर वेळी तिला वाटे, आता थोरले पाहुणे पुरे करतील. दर वेळी रिकामा प्याला ते बघत आणि भरत. त्यांच्या लेखी रिकामा प्याला राहू देणं म्हणजे पाहुण्याला उपाशी उठवण्यासारखं होतं. तिच्या लेखी भरलेला प्याला राहू देणं म्हणजे दार उघडं टाकून झोपण्यासारखं. दोघंही आपापल्या परीने जपत होते. त्या दोघांमध्ये तो प्याला विहिरीवरच्या पोहऱ्यासारखा भरत होता आणि रिता होत होता.

चौथ्यानंतर खोलीच्या कडा मऊ झाल्या. मालकांचे कान किती मोठे आहेत हे तिला प्रथमच दिसलं, आणि ती हसली. मोठ्याने. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी आज खुशीत," मालक म्हणाले.

"तुमचे कान," ती म्हणाली, आणि जीभ दाताखाली धरली. ही जीभ आपली राहिली नाही. आता ती काहीही बोलेल. डोळ्याचं बोलेल. त्या गावाचं नाव घेईल. याला वाचवायला म्हणून जे केलं त्यानेच याचं सगळं उघड्यावर येणार. गप्प बसावं म्हणून तिने ओठ घट्ट मिटले, पण प्याला भरलेला होता, आणि त्याचा हात आता टेबलावर होता, प्याल्यापासून वीतभर अंतरावर. तिने पाचवा उचलला. मग सहावा. सहाव्या वेळी तिला कुणाची पाठ वळायची वाट पाहायचंही भान राहिलं नाही. चमच्यावर प्याला आपटला, खणकन आवाज झाला.

त्याने घड्याळावरची नजर काढली.

आधी त्याने प्याला पाहिला. मग तिच्या हनुवटीवरचा ओला ओघळ. मग तिचे डोळे. त्याला काही विचारावं लागलं नाही. जगात त्या डोळ्यांबद्दल त्याच्याइतकी माहिती कुणाला असणार?

"किती झाले?" त्याने हळूच विचारलं.

"पाच," ती म्हणाली. "का सहा. रागावू नका हं. ते भरतातच आहेत, मी काय करू?"

त्याने तिच्या हातातून प्याला काढून घेतला. दोन बोटांनी, विस्तव धरावा तसा. तळाशी थोडी उरली होती. क्षणभर तो प्याला त्याच्या हातात राहिला, आणि त्या क्षणात तिला वाटलं, गेलं, सगळं गेलं. पण त्याने तो थुंकायच्या भांड्यात ओतला, टेबलावर पालथा ठेवला आणि उभा राहिला.

"बाई, एक सांगायचंय पाहुण्यांना."

"अवश्य," दुभाषीबाई म्हणाल्या.

"मघाशी मी म्हणालो, मी घेत नाही. ते तसं नव्हतं. मी दारुडा आहे. नऊ वर्षं झाली, प्यायलो नाही. एक घोट प्यायलो तर मी थांबत नाही. असाच प्यायलेला असताना माझ्या हातून साचा सैल राहिला, त्यात एका माणसाचा डोळा गेलाय. मी पिऊ नये म्हणून माझी बायको माझे प्याले प्यायली. तिने जन्मात याआधी थेंब घेतलेला नाही. एवढं सांगा."

मालकांच्या हातातला घास तसाच राहिला.

"हे कुठल्या शब्दांत सांगू?" दुभाषीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजातली इस्त्री गेली होती.

"आहे त्याच शब्दांत."

त्यांनी सांगितलं. बराच वेळ लागला. मग त्या तिच्याकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "प्याला भरलेला ठेवला असता तर चाललं असतं हो. भरलेला प्याला म्हणजे पुरे. रिकामा दिसला की आम्ही ओततो."

ती ऐकत होती, पण अर्थ लागायला वेळ लागत होता.

थोरल्या पाहुण्यांनी सुरई टेबलावरून उचलून खाली, आपल्या खुर्चीच्या पायाशी ठेवली. मग ते उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि कमरेत वाकले. खूप खाली. त्याच्यासमोर नाही, तिच्यासमोर. तिला वाटलं, म्हाताऱ्यांचं काहीतरी पडलं. ती खुर्चीवरून वाकली आणि टेबलाखाली शोधू लागली.

"काय पडलंय हो त्यांचं?" तिने खालूनच विचारलं.

कुणी हसलं नाही. त्याने तिला दंडाला धरून उठवलं.

"येतो," तो मालकांना म्हणाला.

मालकांनी मान हलवली. ते त्याच्या हातांकडे पाहत होते. "उद्या," ते म्हणाले. "उद्या बोलू."

बाहेर अजून उजेड होता. घरांच्या वरच्या खिडक्यांवर ऊन होतं, खाली मुलं चेंडू खेळत होती, बायका दारात उभ्या होत्या. त्याने तिचा दंड सोडला नाही. तिचे पाय तिला विचारून पडत नव्हते. दारातल्या एकीने दुसरीला कोपराने ढोसलेलं तिला दिसलं. त्यालाही दिसलं असणार.

"हे इतकं छान लागतं," ती म्हणाली, "तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"मला वाटायचं, कडू असतं. मला वाटायचं, तुम्ही एवढं कडू पिता ते माझ्यावर रागावून."

तो चालायचा थांबला. चेंडू त्याच्या पायाशी येऊन थबकला, एका मुलाने तो नेला. मग तो पुन्हा चालू लागला.

"तुझ्यावर कधीच राग नव्हता," तो म्हणाला.

"भीती वाटते मला."

"मलाही वाटतेय. पाऊल उचल, दगड आहे."

"माझ्या तोंडाचा वास येतोय ना तुम्हाला?"

तो तिच्या दुसऱ्या बाजूला गेला, जिकडून वारा येत होता तिकडे.

घरी आल्यावर त्याने तिला दोन पेले पाणी पाजलं, तिच्या वहाणा काढल्या, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. खाटेजवळ पत्र्याचं घमेलं आणून ठेवलं.

"कुशीवर," तो म्हणाला. "पाठीवर नको. उशी अशी." ही सगळी कामं तिने त्याच्यासाठी किती वर्षं केली होती, त्याच क्रमाने. तेव्हा तो शुद्धीत नसतो असं ती समजत होती.

त्याने दोन्ही खिडक्या उघडल्या. दार उघडलं. आणि बाहेर पाऊल टाकलं.

"कुठे?" ती ओरडली. ओरडली असं तिला वाटलं.

"इथंच. पायरीवर बसतो."

"आत बसा ना."

तो पायरीवर टेकला.

"आत वास आहे," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं. एकच खोली. ती श्वास सोडेल तितका तो वास वाढणार, आणि श्वास सोडल्याशिवाय तर गत्यंतर नव्हतं. कोपऱ्यावरचं ते दारूचं दुकान अजून उघडं असेल. त्याच्या दिव्याचा उजेड पायरीवरून दिसतो. आज ती जागी राहू शकणार नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं.

"अहो."

"काय?"

"आहात ना?"

"आहे."

भिंत हळूच एका बाजूला सरकली आणि परत आली.

"अहो, आहात ना?"

"आहे गं. झोप."

आणखी एकदा विचारायचं होतं, पण जीभ वळेना. पापण्या दगडाच्या झाल्या होत्या. तिने बोटांनी त्या उघड्या धरल्या. दाराच्या चौकटीत तो बसला होता, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उपडे टाकून, तिच्याकडे पाठ करून. समोरच्या छपरावरचं ऊन ओसरत चाललं होतं. पाठ दिसत होती, तोवर ती पाहत राहिली.